मायक्रोवेव्हने सिरॅमिक जोडताय? या चुका टाळा

रत्नागिरीतल्या आमच्या प्रयोगशाळेत दरवर्षी प्रोजेक्टची नवी पोरं येतात आणि चुका मात्र त्याच करतात.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे तापत नाही म्हणून पॉवर वाढवणं. थंड ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइडचं सिरॅमिक) २.४५ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्ह लहरी जवळजवळ शोषतच नाही. तापत गेला की जास्त शोषतो, म्हणून आणखी तापतो, आणि मग आवरत नाही. आमचा पायरोमीटर (न शिवता लांबून तापमान मोजणारं यंत्र) ६०० अंशांखाली काही दाखवत नाही. एका पठ्ठ्याला वाटलं मशीनच बिघडलंय. फुल पॉवर दिली आणि साहेब चहाला. परत आला तेव्हा नळीचा सांधा फुगून ओघळला होता आणि बाजूला बोटभर अंतरावर नळी तडकली होती. वर मलाच विचारतो, "सर, नळ्याच खराब होत्या का?"

मी नमुन्याभोवती सिलिकॉन कार्बाइडच्या कांड्या लावतो. त्या थंडपणीही लहरी शोषतात आणि नमुन्याला हळूहळू वर आणतात. सांधा लाल दिसू लागला की पॉवर कमी करायची. नमुना तापला की कॅव्हिटीचं (लहरी कोंडणाऱ्या धातूच्या पोकळीचं) ट्यूनिंग सरकतं, म्हणून रिफ्लेक्टेड पॉवरच्या, म्हणजे परत फिरणाऱ्या लहरींच्या काट्यावर नजर ठेवून पोकळीची लांबी बदलणारा प्लंजर हलवत राहायचं. मोबाइलवरून नजर हटत नसेल त्याने साध्या भट्टीत काम करावं.

दुसरी चूक आपल्या किनाऱ्यावरची. जूनमध्ये डब्यातले पापड सादळतात, तर नमुन्याभोवती उष्णता धरायला लावायचा फायबर बोर्ड उघड्यावर कोरडा राहील? लहरी आधी त्यातल्या पाण्यात जिरतात, आणि कोंडलेली वाफ नमुना फोडते. बोर्ड आणि नमुना रात्रभर १२० अंशांवर ओव्हनमध्ये ठेवा. "हाताला कोरडा लागतोय" हे मी ऐकून घेत नाही.

९९ टक्क्यांहून शुद्ध ॲल्युमिना नुसता दाबून सहसा जुळत नाही. ९४-९६ टक्क्यांच्या मालात कणांमधली काच सांधा धरते. शुद्ध मालाला मधे काचेचा थर द्या.

झिर्कोनिया आणि सिलिकॉन कार्बाइड ही दोन सिरॅमिक एकमेकांना थेट जोडू नका. तापल्यावर पहिल्याचं प्रसरण दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त, थंड होताना तडा जातोच.

उघडा थर्मोकपल (तापमान मोजायची धातूच्या तारांची जोडी) आत घातलात तर ठिणग्या पाहायला मिळतील, तापमान नाही.

घरच्या ओव्हनला भोक पाडून पायरोमीटर बसवायचा उद्योग करू नका. लहरींची गळती डोळ्याला दिसत नाही.

आणि लाईट. मधेच गेली की लहरी निर्माण करणारा मॅग्नेट्रॉन बंद, सांधा एकदम थंड, नमुना वाया. बाहेर गडगडायला लागलं की मी नवा नमुना चढवतच नाही, सबमिशन उद्या असलं तरी.