रात्रीचं दूध आणि बाळाची झोप: आमच्याकडे काय चाललं, काय नाही

"रात्री झोपतं का गं बाळ?" असं विचारणाऱ्या समस्त काकू-मावश्यांना हसून "हो, झोपतं की" सांगून टाका, विषय बंद. खरं म्हणजे पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळ सलग चार-पाच तास झोपलं तरी पेढे वाटावेत अशी परिस्थिती असते. मीही आधी रात्रीचं दूध कसं टाळता येईल याच मागे होते, पण पोट एवढंसं आणि आईचं दूध पचतं पटकन, २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजावं लागतं, त्यातले दोन-तीन रात्रीच येणार. मग मी ठरवलं की जाग येऊ दे, फक्त ती पाऊण तासाऐवजी वीस मिनिटांत आटपायची. सगळं त्यावरच आहे.

त्याआधी एक. अगदी सुरुवातीला, म्हणजे जन्माचं वजन भरून येईपर्यंत (साधारण १० ते १४ दिवस), बाळ छान झोपलंय म्हणून खूश होऊन झोपू देऊ नका, तीन तास झाले की उठवून पाजा. डॉक्टर वजन बघून "आता उठवू नका" म्हणाले की मग सोडायचं. बाळ लवकर जन्मलं असेल किंवा कावीळ असेल तर इथलं काही वाचू नका, डॉक्टर सांगतील तेच.

आता दिवस-रात्रीचा घोळ. आमच्याकडे बाळंतिणीची खोली म्हणजे खिडक्या बंद, जाड पडदे, वारा लागेल म्हणून पंखा बंद, त्यात धुरी. दिवसभर अंधार, सगळे कुजबुजत बोलणार, आणि मग रात्री अकराला बाळ टक्क जागं आणि आपण म्हणायचं याला काय झालंय. अहो त्याला कळणार कसं रात्र कुठली ते! शरीराचं घड्याळ लागायलाच दोन-तीन महिने जातात, त्यात आपण मदत तर करायची. मी सकाळी सातला पडदे उघडायचे, दिवसा कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, टीव्ही सगळं चालू. आणि धुरी तर बंदच केली, तेवढ्याशा नाकात धूर कशाला? आईशी त्यावरून दोन दिवस अबोला होता पण ठीक आहे.

संध्याकाळी सहा ते दहा बाळ सारखं अंगावरच असतं, सोडलं की रडतं, परत घेतलं की दोन मिनिटं पिऊन डुलकी. यावेळी घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, दूध पुरत नाहीये, वरचं चालू करा. दिवसाला सहा तरी लंगोट नीट ओले होतायत आणि वजन वाढतंय ना? मग पुरतंय. संध्याकाळी भरपूर पिऊ द्या, त्यावरच पुढची मोठी झोप येते. आणि त्या पहिल्या मोठ्या झोपेत तुम्हीही झोपा, प्लीज, भांडी सकाळी.

मग रात्रीचं. दीड वाजता बाळ कुंथायला लागतं, पाय झाडतं, तोंड वेडंवाकडं करतं. मी पहिल्या महिन्यात लगेच उचलायचे आणि लेकीची झोप मीच मोडायचे, कारण बाळं झोपेतही असले आवाज काढतात. आता मनात पन्नास आकडे मोजते. तोंड उघडून मान इकडेतिकडे फिरवायला लागली, मुठी चोखायला लागली की भूक खरी, तेव्हा उचलायचं, भोकाड पसरायची वाट बघायची नाही, कारण चिडलेलं बाळ नीट लागतच नाही आणि मग शांत करण्यातच अर्धा तास जातो. झिरोचा बल्ब, मोबाईल उलटा, कोणी बोलायचं नाही, "अगं माझी सोनी ती" वगैरे सगळं सकाळी. आधी एक बाजू, मग डायपर (तोही शी असेल किंवा अगदी जड झाला असेल तरच), मग दुसरी बाजू. डायपर शेवटी बदललात की बाळ पूर्ण जागं, हे मी बऱ्याच रात्री वाया घालवून शिकले. खांद्यावर घेऊन पाच मिनिटं पाठ थोपटायची, ढेकर आला तर आला, आणि डोळे जड झाले पण अजून पूर्ण मिटले नाहीत असं असतानाच खाली ठेवायचं. रोज जमत नाही. दहातून चारदा जमलं तरी पुढे कामी येतं.

हाताशी पाण्याचा तांब्या, दोन दुपटी, एक डायपर आणि चार खजूर ठेवा, दीड वाजता कपाट उघडलं की सगळं घर उठतं.

झोपवायचं उताणंच, टणक सपाट गादीवर. मोहरीची उशी, गोधडी, टेडी काही नको. झोळीत दिवसा, कुणाचं लक्ष असताना ठीक, रात्रभर नाही, मान मुडपून हनुवटी छातीला टेकते. शेजारी घेऊन झोपत असाल तर घरात कुणी दारू-सिगारेट घेतलेला त्या गादीवर नको. आणि सोफ्यावर बसून रात्री पाजू नका. मी एकदा पाजता पाजता तिथेच झोपले, जाग आली तेव्हा ती माझी कूस आणि पाठीची उशी यांच्या मधे सरकली होती. तिला काही झालं नाही पण माझे हात बराच वेळ थरथरत होते.

झोप लागावी म्हणून मध, गुटी, पाणी, बाटलीत खिमट, काहीही नाही. सहा महिने फक्त दूध, आणि मध तर वर्षाच्या आत अजिबातच नाही, त्यातून बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप आला, किंवा ते पिईना आणि उठवूनही उठेना, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

नवऱ्याला ढेकर आणि डायपर द्या. "तिला तूच लागतेस" हे फक्त दूध पिताना खरं असतं.

आणि चौथ्या महिन्याच्या आसपास हे सगळं जमलेलं परत विस्कटू शकतं, दर दोन तासांनी जाग. नवीन काही करायला जाऊ नका, झिरोचा बल्ब आणि तोच क्रम चालू ठेवा. आमच्याकडे हे जवळपास तीन आठवडे चाललं, तेवढे दिवस डबा बंद होता आणि नवऱ्याने ऑफिसच्या खालचा वडापाव खाल्ला.