मशीनमध्ये हात गेला, तर भिडेपोटी या चुका करू नका

बर्फाच्या क्रशरमध्ये बोटं गेली, चिरेखाणीत कटरचं पातं लागलं, काजूच्या कारखान्यात पट्ट्यात बाही अडकली. आपल्याकडे कोकणात अशा अपघातांची भरपाई कायद्यातल्या पळवाटांमुळे बुडते त्यापेक्षा जास्त भिडेपोटी बुडते. शेठ त्याच वाडीतला, दवाखान्यात नेलं तेही त्याच्याच गाडीतून, आणि शिमग्याला पालखी दोघांच्याही दारात येणार. मग कोणीतरी समजूत घालतं, ‘शेट आपलोच मा, केस कित्याक घालतंस?’

पहिली चूक केसपेपरवर होते. ‘घरी लाकडं फोडताना लागलं असं सांग, पोलिसांची कटकट नको,’ असं गाडीतच पढवलं जातं. डॉक्टर तेच लिहितात आणि पुढे तोच कागद तुमच्याविरुद्ध उभा राहतो. कोणतं मशीन, कोणाची जागा, किती वाजता, हे डॉक्टरांना खरं सांगा. खोटं आधीच लिहून गेलं असेल तर पुढच्या तपासणीला खरं कारण नोंदवून घ्या आणि पोलीस ठाण्यात लेखी जबाब द्या. उशीर केलात तर त्या जबाबाचं वजन कमी होतं.

मालकालाही अपघाताची लेखी सूचना द्या, पोचपावतीसह पोस्टाने. पगार रोख मिळत असेल तर तुम्ही तिथे कामाला होता हेच आधी सिद्ध करावं लागतं. हजेरीचा फोटो, शेठचे व्हॉट्सअ‍ॅप निरोप, सोबतच्या दोघांचे नंबर, जे हाताशी असेल ते जपा. बंदरावर तर घाई करायलाच हवी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा नेपाळ-कर्नाटकातले कामगार गावी जातात आणि साक्षीदार त्यांच्याबरोबर निघून जातो.

आता स्टॅम्पपेपर. ‘५० हजार मिळाले, यापुढे काही मागणं नाही’ यावर सही करून घेतात. सही करण्यापूर्वी हिशेब मांडून बघा. समजा वय ३०, पगार १८ हजार, एका हाताची चारही बोटं गेली. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात हिशेबासाठी पगार १५ हजारांपर्यंतच धरतात. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. कायद्यात वयानुसार गुणक ठरलेला आहे, वय ३० साठी तो २०७.९८. गुणाकार १८,७१,८२०. चार बोटांना कायद्याच्या तक्त्यात ५० टक्के, म्हणून ९,३५,९१० रुपये. प्रत्यक्ष उपचाराचा खर्च वेगळा. एका महिन्यात रक्कम दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि विलंबाला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. सही झाली असेल तरी सगळं संपलं असं समजू नका. हक्क सोडून देणारा करार या कायद्यात चालत नाही, आणि कामगार भरपाई आयुक्तांकडे (हे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) न नोंदवलेल्या तडजोडीने दावा मिटत नाही. मृत्यू झाला असेल तर भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते. घरी येऊन पाकीट दिलं, म्हणजे मालक सुटला असं होत नाही.

(२१ नोव्हेंबर २०२५ पासून या १९२३ च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. हिशेबाचा सांगाडा तोच आहे, पण अपघात कोणत्या तारखेचा त्यावर कोणता कायदा ते ठरतं. वकिलाला तारीख आधी सांगा.)

‘तुझीच चूक होती’ हे ऐकून गप्प बसू नका. नुसता निष्काळजीपणा हा मालकाचा बचाव होत नाही. दारू पिऊन कामावर होता, किंवा मशीनचा गार्ड (संरक्षक जाळी किंवा झाकण) मुद्दाम काढला, असं काही त्याला सिद्ध करावं लागतं. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर तोही बचाव लागू पडत नाही. आणि उत्पादन वाढावं म्हणून गार्ड शेठनेच काढून ठेवलेला असेल, तर तसंच जबाबात लिहा. असे गार्ड कोपऱ्यात गंजत पडलेले आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत.

‘तू ठेकेदाराचा माणूस’ हेही पुरेसं उत्तर नाही. काम मालकाच्या धंद्याचं आणि त्याच्याच जागेत असेल, तर मालकाकडूनही भरपाई मागता येते.

अपंगत्वाच्या दाखल्यावरचा आकडा शेवटचा धरू नका. प्रश्न कमाईची ताकद किती गेली हा असतो. डावा हात गमावलेल्या एका सुताराला सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये १०० टक्के भरपाई मान्य केली, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. तुमचं नेमकं काम काय होतं आणि त्यातलं आता काय जमत नाही, हे अर्जात तपशिलाने लिहा.

पगारातून ०.७५ टक्के ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) कपात होत असेल तर रस्ता वेगळा. तिथे भरपाई ईएसआयकडून मिळते, मालकाविरुद्ध हा दावा लावता येत नाही. पगाराची पावती आधी बघा, नाहीतर चुकीच्या दारात वर्ष जातं.

‘जखम भरू दे, मग बघू’ म्हणत बसू नका, मुदत दोन वर्षांची आहे. तळोज्यात किंवा मुंबईत अपघात झालेल्या चाकरमान्याला दाव्यासाठी तिथे खेपा घालायची गरज नाही, तो राहतो त्या जिल्ह्यातही अर्ज करता येतो. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. औद्योगिक कामगार मोफत वकिलाला पात्र असतो. जाताना केसपेपर, डिस्चार्ज कार्ड आणि त्या सूचनेची पोचपावती बरोबर घ्या.