सोलापूरहून दुबईला येताय? पहिल्या दीड महिन्याच्या पैशांचं बघा

नोकरी 1 तारखेला सुरू झाली तरी पगार लगेच हातात पडत नाही. आधी मेडिकल, मग एमिरेट्स आयडी (इथलं ओळखपत्र), मग बँकेत खातं आणि महिना भरला की पगार. तेव्हा दीड महिन्याच्या खर्चाची सोय करूनच घर सोडा. बेडस्पेस (सामायिक खोलीतली एका खाटेची भाड्याची जागा) लांब असला की स्वस्त दिसतो, पण प्रवास धरा. मेट्रोला सिल्व्हर नोल कार्डावर (प्रवासाचं साधं रिचार्ज कार्ड) एका झोनचे 3, दोन झोनचे 5 आणि त्यापुढे साडेसात दिरहम. लांबून रोज जाऊन-येऊन 15, म्हणजे 26 दिवसांचे 390. ते भाड्यात मिळवा आणि मगच खोली ठरवा.

कडक भाकरी, शेंगाचटणी खुशाल आणा, पहिले आठवडे बाहेरचं जेवण वाचतं. मसाल्याच्या पुड्यांत खसखस मात्र नको. इथे तिच्यावर बंदी आहे.

दिरहम तिकडूनच बँकेतून किंवा परवानाधारक मनी चेंजरकडून घ्या, तेही चार दिवस आधी सांगून. विमानतळावर दिरहम महाग पडतात. सगळी रक्कम नोटांत नको. डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार बहुधा बंदच असतात, निघण्याआधी ॲपमधून चालू करा. ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो, त्यामुळे रोमिंग चालू ठेवा आणि रिचार्ज संपू देऊ नका. मशीननं रुपये की दिरहम विचारलं तर दिरहमच निवडा. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, पण त्या दरात मधल्याचा कट असतो.

घरी पैसे पाठवताना ‘फी शून्य’च्या पाटीला भुलू नका. दर 20 पैशांनी कमी दिला की 2000 दिरहमला 400 रुपये गेले. काउंटरवर एकच विचारा: सोलापूरच्या खात्यात नेमके किती जमा होतील? दिरहम डॉलरला 3.6725 या दरानं बांधलेला आहे, म्हणून डॉलर वधारला की इथल्या पगाराचे रुपयेही वाढतात.

नोकरीसाठी बाहेर आल्यावर जुनं बचत खातं फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) नियमानुसार एनआरओ, म्हणजे भारतातल्या कमाईसाठीचं अनिवासी खातं, करून घ्यावं लागतं. पगार पाठवायला वेगळं एनआरई, म्हणजे परदेशातल्या कमाईसाठीचं अनिवासी खातं, उघडा; त्याच्या व्याजावर भारतात कर नाही. एनआरओच्या व्याजावर 30 टक्के टीडीएस आणि वर सेस. तिकडचं घरभाडं सहसा एनआरओतच जमा होतं. आई-वडिलांना या खात्यातून पैसे काढायचे असतील तर शाखेत मँडेटचा (तुमच्या वतीनं खातं चालवायच्या परवानगीचा) फॉर्म भरून ठेवा.