शिअर बॉक्सचा रिपोर्ट: फाय उचलण्याआधी ‘सी’ची चौकशी करा

शिअर बॉक्स म्हणजे माती आडवी कापून तिची ताकद मोजायची चाचणी. साइटवरचे पोरगे रिपोर्टच्या शेवटच्या पानावरून सी (मातीचा चिकटपणा) आणि फाय (कणांमधल्या घर्षणाचा कोन) उचलतात आणि थेट डिझाइनला बसतात. मी आधी रीडिंगचा तक्ता मागवते.

६० बाय ६० मिलिमीटरच्या बॉक्समध्ये एकाच मुरमाचे तीन नमुने, तीन वेगवेगळ्या नॉर्मल लोडखाली, म्हणजे वरून दिलेल्या उभ्या भाराखाली, कापलेले असतात. पहिल्यांदा प्रत्येकाचा ग्राफ बघा: बॉक्स सरकत जातो तसा शिअर स्ट्रेस, म्हणजे कापणारा ताण, किती होतो. मुरूम घट्ट भरलेला असेल तर ग्राफ वर चढून शिखर गाठतो आणि उतरतो. उभा डायल गेज माती फुगल्याचं दाखवतो. सैल असेल तर शिखर नसतं, माती बसत जाते. तिघांतला एकच वेगळा वागला, तर त्याची घनता चुकली आहे. तो नमुना पुन्हा करायला सांगा, तीन ठिपक्यांतून ओढूनताणून रेघ मारू नका.

समजा नॉर्मल ५०, १००, १५० किलोपास्कलला शिअर ३८, ६९, १०१ आला. नॉर्मल आडव्या आणि शिअर उभ्या अक्षावर मांडून ठिपक्यांतून रेघ ओढली, तर तिचा चढ ०.६३, म्हणजे फाय सुमारे ३२ अंश. रेघ उभ्या अक्षाला छेदते तो सी, साधारण ६ किलोपास्कल. कोन कोनमापकाने मोजणार असाल तर दोन्ही अक्षांना एकच स्केल हवं. हे अजूनही चुकतं!

फाय ३२ पटतो. पण मुरमाला हा ६ कुठून आला? दमट मातीतल्या पाण्याच्या ओढीमुळे तो येतो, किंवा खरी रेघ वाकडी असताना आपण सरळ मारली म्हणून. बॉक्सच्या दोन अर्ध्यांमधलं घर्षणही त्यात मिसळतं. किरकोळ वाटतो ना? ३ मीटरची रिटेनिंग वॉल घ्या, माती १८ किलोन्यूटन प्रति घनमीटर. सी शून्य धरला तर तळाशी मातीचा दाब १६.६ किलोपास्कल, ६ धरला तर जेमतेम १०. जुलैत मुरूम भिजला की ती ओढ जाते, भिंत मात्र १० वरच बांधलेली असते. म्हणून अशा भिंतीला मी सी शून्यच धरते.

काळ्या मातीचं निराळं. ती बॉक्समध्ये मिनिटाला १.२५ मिलिमीटरने कापली, तर पाणी धड निघत नाही, धड अडकत नाही. त्या आकड्याला अर्थ नाही. पायाच्या तात्काळ भारासाठी, पाणी निघू न देता नमुना दाबणारी यूयू ट्रायअ‍ॅक्सियल मागवा. पूर्ण भिजलेल्या नमुन्यात तिथे रेघ आडवी, म्हणजे फाय शून्य, यायला हवी. फाय ८ अंश लिहिलाय? मग नमुना पूर्ण भिजलेला नव्हता. आधी लॅबला फोन लावा, डिझाइन नंतर.