बायोडिझेल की डिझेल? तुलना करताना या चुका टाळा

मार्च-एप्रिल आला की प्रोजेक्टवाली पोरं रिपोर्ट घेऊन येतात. निष्कर्ष ठरलेला: करंजाच्या तेलावर रासायनिक प्रक्रिया करून बनवलेल्या बायोडिझेलने इंजिनाची कार्यक्षमता घटते. बहुतेक वेळा ती घटलेलीच नसते, डिझेलची कॅलोरिफिक व्हॅल्यू, म्हणजे किलोभर इंधन जळून मिळणारी ऊर्जा, दोन्ही इंधनांना लावलेली असते.

लॅबमधलं नेहमीचं पाच एचपीचं एकसिलिंडर इंजिन घ्या. समजा 3.7 किलोवॅट लोडवर ब्युरेटमधलं (खुणा असलेल्या मापाच्या नळीतलं) 10 मिली डिझेल 27 सेकंदांत संपलं आणि बायोडिझेल 25 सेकंदांत. पोरं इथंच निकाल देऊन मोकळी होतात. पण ते 10 मिली डिझेल भरतं 8.3 ग्रॅम, बायोडिझेल 8.8. डिझेलच्या किलोत साधारण 42.5 मेगाज्यूल असतात. बायोडिझेलच्या किलोत 37 च्या आसपास, कारण त्याच्या वजनात दहा-अकरा टक्के ऑक्सिजन असतो. एवढं धरून हिशेब करा, दोन्हीकडे ब्रेक थर्मल एफिशियन्सी, म्हणजे इंधनातल्या ऊर्जेपैकी प्रत्यक्ष कामाला आलेला वाटा, 28 टक्क्यांच्या थोडी वर येते. डिझेलची व्हॅल्यू चिकटवली की बायोडिझेलची 25 च्याही खाली जाते! दर रीडिंगला घनता मोजायचा कंटाळा करू नका.

दुसरी चूक आपल्या उन्हाची. लातूरच्या एका कॉलेजात सकाळी नऊला डिझेलची रीडिंग घेतली, दुपारी तीनला बायोडिझेलची. नॉक्स, म्हणजे धुरातली नायट्रोजनची ऑक्साइडं, भलताच वाढलेला. बायोडिझेलने नॉक्स वाढतो हे पुस्तकात असतंच, त्यामुळे शंका कुणालाच आली नाही. पण किती वाढतो? अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने 2002 मध्ये अवजड इंजिनांच्या चाचण्या एकत्र करून काढलेला अंदाज 20 टक्के मिश्रणाला सुमारे 2 टक्के आणि शुद्ध बायोडिझेलला 10 टक्के असा आहे. यांची वाढ त्याच्या कितीतरी पुढे. मी तिथंच, भर दुपारी, इंजिनात पुन्हा डिझेल घालायला लावलं. डिझेलचाही नॉक्स चढला. आत जाणारी हवा चाळिशीच्या वर आणि कोरडी, गच्चीवरच्या टाकीतून येणारं कूलिंगचं पाणी हाताला चटका देणारं. इंधनाचा त्यात वाटा थोडाच होता.

म्हणून माझी पद्धत एकच: डिझेलने सुरुवात, डिझेलनेच शेवट. दोन्ही टोकांची रीडिंग जुळली नाहीत तर त्या दिवसाचा कागद फाडायचा. पोरांना हे जिवावर येतं, सबमिशनची तारीख डोक्यावर असते. पण चुकीचा आकडा एकदा छापला गेला की पुढची बॅच तोच उतरवून घेते.

इंधन बदलल्यावर नळीत आणि फिल्टरमध्ये आधीचं राहतंच. ते काढून टाका, मग लोडवर इंजिन स्थिरावू द्या. घाई इथंच नडते.

पंपावरच्या डिझेलमध्ये 7 टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालतं, हे तुलनेच्या पायाशीच लिहून ठेवा.

एक्झॉस्टमधला सीओटू (कार्बन डायऑक्साइड) कमी झाला नाही म्हणून हिरमुसू नका. तो फायदा शेतात, झाडाने शोषलेल्या कार्बनमध्ये असतो. धूर, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि न जळलेले हायड्रोकार्बन मात्र कमी दिसायला हवेत.

जुन्या टाकीतला गाळ बायोडिझेल सोडवतं, फिल्टर तुंबतो आणि दोष इंधनावर येतो. पहिल्या भरण्यानंतर फिल्टर बदला.

आणि घाण्यावरचं करंज किंवा सरकीचं तेल गाळून थेट टाकीत ओतू नका. ते बायोडिझेल नव्हे. डिझेलच्या दसपट घट्ट असतं, नोझलवर कार्बन धरतं. आयएस 15607 या बायोडिझेलच्या भारतीय मानकाप्रमाणे तपासणीचा दाखला असेल तरच कॅन उघडा.