नाणेघाट ते जुन्नर पायी: थंडीतली तयारी

नाणेघाट चढून, माथ्यावरच्या ‘नानाचा अंगठा’ या सुळक्याच्या टोकावर फोटो काढून परत फिरणारे पुष्कळ. पण कल्याण-सोपाऱ्याकडून माल घेऊन निघालेला व्यापारी माथ्यावर थांबत नव्हता, त्याला जुन्नर गाठायचं असायचं. तुम्हालाही तिथवर जायचं असेल तर तयारी घाटाची कमी आणि माथ्यावरच्या घाटघर गावापासून पुढच्या सुमारे 30 किलोमीटरची जास्त करा. हा टप्पा बहुतेक डांबरी आहे, आणि पाय तिथेच बोलायला लागतात.

म्हणून आधी पायांकडे बघा. घाटातल्या गुळगुळीत दगडी पायऱ्यांवर पकड असलेले बूट हवेत, पण तेच कडक तळव्याचे बूट डांबरावर टाचा सोलतात; दुसऱ्या दिवसासाठी हलके, वापरून मऊ झालेले बूट पाठीवर घ्या. नवे कोरे बूट नकोतच. नखं दोन दिवस आधी कापा, निघायच्या सकाळी नाही. मोज्यांचे तीन जोड घ्या आणि टाच गरम वाटू लागली की तिथेच बसून चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावून काय उपयोग?

कपड्यांची गंमत अशी की पायथ्याच्या वैशाखरे गावाकडून चढताना घाम निघतो आणि माथ्यावर खिंडीतून येणारा वारा तोच घाम अंगावर थंड करतो. कोरडा बनियन वरच्या कप्प्यात ठेवा, पोचल्यावर लगेच बदला. स्वेटर, कानटोपी आणि रात्रीसाठी स्लीपिंग बॅग बास. घाट पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी वाट सावलीत असते. त्याचा फायदा घ्यायचा तर कल्याणहून माळशेजमार्गे जाणारी पहाटेची एसटी पकडा आणि कंडक्टरला नाणेघाटाच्या पायथ्याशी उतरायचंय म्हणून आधीच सांगून ठेवा.

विजेरी अंधारासाठी लागतेच, पण घाटातल्या लेण्यासाठीही लागते. भिंतीवरचा सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख समोरून उजेड टाकला की सपाट दिसतो. विजेरी भिंतीला लागून तिरकी धरा, अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि यज्ञांत दिलेल्या गाई-घोड्यांचे आकडेसुद्धा उठून दिसतात. अक्षरांवर खडू घासू नका. लेण्यात चूल पेटवायची नाही, मुक्काम घाटघरात करा. जेवणाचं आदल्या दिवशी फोन करून सांगा, ऐनवेळी चार माणसांच्या भाकऱ्या थापायला लावू नका. रोख पैसे सुटे ठेवा, रेंजचा भरवसा नाही.

पाणी माणशी तीन लिटर. टाक्यांतलं पाणी प्यायचं तर गाळून, उकळून. शिदोरीला ठेचा-भाकरी, गूळ-शेंगदाणे; बिस्किटांचे पुडे कमी, कचराही कमी. शेजारच्या जीवधन किल्ल्याच्या कड्याला मधमाश्यांची पोळी असतात, तेव्हा अत्तर, धूर, आरडाओरडा टाळा.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघा. पूरला कुकडेश्वराच्या देवळापाशी न्याहारी, मग वाटेतल्या चावंड किल्ल्यापाशी न रेंगाळता सरळ चालत राहा. एका दिवसात झेपणार नसेल तर चावंडच्या पायथ्याला राहण्याची सोय आधी बघा. जुन्नर तालुका बिबट्यांचा, आणि थंडीत ऊसतोड सुरू असते. उसाच्या कडेने एकट्याने, कानात इअरफोन घालून संध्याकाळी चालायचं नाही. सहाला अंधारून येतं, त्याच्या आत जुन्नरच्या स्टँडवर पोचलात की कल्याण किंवा पुण्याची गाडी मिळते. शेवटच्या गाडीची वेळ मात्र निघण्यापूर्वीच विचारून ठेवा.