व्हेरो पेशी मायक्रोकॅरिअरवर वाढवण्याची रीत

व्हेरो (आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या) पेशींसारख्या पृष्ठभागाला चिकटूनच वाढणाऱ्या पेशींना बाटलीत जागा अपुरी पडते. ए. एल. व्हान वेझेल यांनी १९६७ मध्ये अशा पेशी डेक्सट्रान या शर्करा-बहुवारिकाच्या सूक्ष्म मण्यांवर, म्हणजेच मायक्रोकॅरिअरवर, वाढवून दाखवल्या. सायटोडेक्स १ या मण्यांच्या एका ग्रॅममधून सुमारे ४,४०० चौरस सेंमी पृष्ठभाग मिळतो. म्हणजे १०० मिली माध्यमातले (पेशींच्या पोषक द्रावणातले) ०.३ ग्रॅम मणी १७५ चौरस सेंमीच्या साडेसात बाटल्यांचे काम करतात.

स्पिनर फ्लास्कला (आत ढवळणी असलेल्या काचेच्या चंबूला) आतून सिलिकॉनचा लेप द्यावा, अन्यथा मणी काचेलाच चिकटतात. कोरडे मणी कॅल्शियम-मॅग्नेशियमविरहित पीबीएसमध्ये (फॉस्फेटयुक्त क्षारद्रावणात) किमान तीन तास फुगवावेत, पीबीएस बदलून १२१ अंशांवर १५ मिनिटे ऑटोक्लेव्ह करावेत (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करावेत) आणि वापरण्यापूर्वी कोमट माध्यमाने धुवावेत.

खरी कसोटी पेरणीच्या, म्हणजे मण्यांवर पेशी टाकण्याच्या, वेळी लागते. पेशी एका मण्यावरून दुसऱ्यावर सहजी जात नाहीत, त्यामुळे सुरुवातीला रिकामा राहिलेला मणी बहुधा शेवटपर्यंत रिकामाच राहतो. मण्यामागे सरासरी एकच पेशी टाकली, तर निव्वळ योगायोगाच्या गणिताने सुमारे ३७ टक्के मणी रिकामे राहतात. पाच टाकल्यास हे प्रमाण एका टक्क्याच्याही खाली येते. पेशी वाचवण्यासाठी इथे काटकसर करणे मला तरी परवडणारे वाटत नाही. पेशी जोमाने वाढत असतानाच्या आणि गुठळ्या मोडून सुट्या केलेल्या असाव्यात. पेरणीनंतर पहिले चार तास दर अर्ध्या-पाऊण तासाने दोन-तीन मिनिटेच ढवळावे. सतत ढवळल्यास पेशी चिकटत नाहीत आणि अजिबात न ढवळल्यास मण्यांचेच पुंजके होतात.

त्यानंतर मणी तळाशी न बसता जेमतेम तरंगत राहतील एवढाच वेग ठेवावा, कारण प्रवाहातले भोवरे मण्याच्या व्यासाइतके लहान झाले की पेशी खरवडल्या जातात. रोज एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. मोजणीसाठी सायट्रिक आम्ल आणि क्रिस्टल व्हायोलेटच्या द्रावणात पेशी फोडून जांभळी केंद्रके मोजतात. पण या मोजणीतून निघणारी सरासरी रिकाम्या मण्यांबद्दल काहीच सांगत नाही.

काढणीच्या वेळी मणी खाली बसू द्यावेत, माध्यमातले सीरम (रक्तद्रव) ट्रिप्सिनला, म्हणजे पेशी सुट्या करणाऱ्या विकराला, निष्प्रभ करते म्हणून मणी ईडीटीएयुक्त (कॅल्शियम बांधून ठेवणारे रसायन असलेल्या) पीबीएसने पूर्ण धुवावेत आणि मगच ट्रिप्सिन घालावे. सुट्या झालेल्या पेशी १०० मायक्रॉनच्या जाळीतून गाळल्या की मणी वर राहतात. रुग्णाला द्यायच्या मूलपेशींसाठी मात्र एवढे गाळणे पुरेसे नसते, कारण फुटलेल्या मण्यांचे तुकडे जाळीतून निसटतात. तिथे विरघळणारे मायक्रोकॅरिअर वापरण्याचा विचार आधीच करावा.